पीट्री, जॉन

पीट्री, जॉन : (१५ जानेवारी १८२२ – ८ डिसेंबर १८९२). ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे पहिले महापौर आणि क्वीन्सलँड वसाहतीतील प्रमुख बांधकाम कंत्राटदार. जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे. धर्मोपदेशक जॉन डनमोर लँग यांनी सिडनीत महाविद्यालय बांधण्यासाठी स्कॉटिश कारागिरांचा एक जथा नेला. वडील अँड्र्यू पीट्री त्यात होते. ‘स्टर्लिंग कॅसल’ जहाजाने हे कुटुंब १८३१ मध्ये सिडनीला पोहोचले. १८३७ मध्ये मोरेटन बे येथील कैद्यांच्या वसाहतीत सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यासाठी अँड्र्यू यांची नेमणूक झाली आणि कुटुंब आजच्या ब्रिस्बेनला आले. जॉन बांधकाम शिकले ते वडिलांच्या हाताखाली.

पीट्रींना सरसकट ‘अभियंता’ म्हटले जाते, पण बाप-लेकांत येथे फरक करायला हवा. यंत्रांची दुरुस्ती आणि प्रदेशाचा शोध यांचे श्रेय मुख्यतः अँड्र्यू यांचे. तेही सगळे निर्विवाद नाही. ब्रिस्बेनच्या टेकडीवरील दगडी पवनचक्की (१८२८) मुळात चुकीची बांधली गेली होती, त्यामुळे कैद्यांना पायचक्कीवर राबवून धान्य दळावे लागे आणि अँड्र्यू यांनी ती प्रथम वाऱ्यावर चालवली, अशी हकीकत जुन्या लेखनात वारंवार येते. तिचा उगम बहुधा कुटुंबाच्या आठवणींत असावा. चक्की त्याआधीही वाऱ्यावर फिरत असे आणि पायचक्की शिक्षेसाठी तसेच वारा पडल्यावर वापरण्यासाठी होती, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तेव्हा अँड्र्यू यांनी ती दुरुस्त केली, एवढेच म्हणणे योग्य.

बुन्या या उंच शंकुधारी वृक्षाबाबतही असाच वाद आहे. १८३८ च्या सुमारास अँड्र्यू यांनी या वृक्षाची माहिती युरोपीय वसाहतवाल्यांना दिली आणि स्थानिक बोलण्यात काही काळ तो त्यांच्या नावाने ओळखला गेला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कार्न बिडविल यांनी नमुने लंडनला नेले व १८४३ मध्ये शास्त्रीय नावात (अरौकेरिया बिडविली) बिडविल यांचे नाव आले. ‘शोध’ हा शब्द मात्र दोघांच्याही बाबतीत अपुरा आहे : बुन्याच्या बिया हे आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होते, आणि झाडांना भरपूर शंकू येत त्या वर्षी दूरदूरच्या जमाती त्यासाठी एकत्र जमत. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर गिप्स यांनी १८४२ मध्ये बुन्याच्या प्रदेशात वसाहतीस बंदी घातली. क्वीन्सलँड न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत होताच, १८६० मध्ये, हे संरक्षण गेले.

१८४८ मध्ये अँड्र्यू यांची दृष्टी गेली आणि व्यवसायाची धुरा जॉन यांच्याकडे आली.

ब्रिस्बेनची नगरपालिका न्यू साउथ वेल्सच्या १८५८ च्या कायद्यानुसार सप्टेंबर १८५९ मध्ये जाहीर झाली. ऑक्टोबरमधील पहिल्या निवडणुकीत नऊ नगरसेवक निवडून आले. सर्वाधिक मते पीट्रींना होती आणि सहकाऱ्यांनी त्यांनाच महापौर केले. क्वीन्सलँडचा कारभार प्रत्यक्ष सुरू झाला तो १० डिसेंबरला, म्हणजे वसाहतीच्या आधी शहराला महापौर मिळाला होता. १८६२ पर्यंत ते या पदावर राहिले व १८६७ पर्यंत नगरसेवक होते.

त्या काळी ब्रिस्बेन पाणी पीत होते ते कैद्यांनी ओढ्यावर बांध घालून केलेल्या साठ्याचे. वाढत्या वस्तीला ते पुरेना व स्वच्छही राहीना. जोसेफ ब्रेडी या अभियंत्याच्या आराखड्यानुसार एनॉगेरा ओढ्यावर मातीचे धरण बांधले गेले व ते १८६६ मध्ये पूर्ण झाले. पीट्री पाणीपुरवठा मंडळावर होते. नदीवरच्या पुलाच्या बाबतीत पालिकेला असे यश आले नाही : १८६५ मधील लाकडी पुलाचे खांब पाण्यातील किड्यांनी पोखरले व १८६७ मध्ये तो कोसळला. लोखंडी पूल खुला व्हायला १८७४ उजाडले.

ब्रिस्बेनचे मुख्य टपाल कार्यालय (१८७१–७२) पीट्रींनी बांधले, तर जकात कार्यालय (१८८६–८९) ‘जॉन पीट्री अँड सन’ या पेढीने. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत. धाकटे भाऊ टॉम यांना ब्रिस्बेन परिसरातील आदिवासींची तुर्बल भाषा लहानपणापासून येत होती. त्यांच्या मुलीने शब्दबद्ध केलेल्या आठवणी (१९०४) हे आरंभीच्या ब्रिस्बेनचे आणि तेथील मूळ रहिवाशांच्या जीवनाचे महत्त्वाचे साधन आहे. जॉन यांचे पुत्र अँड्र्यू लँग पीट्री १८९३ पासून क्वीन्सलँड विधानसभेचे सदस्य होते. कुटुंबाचे घर व कारखाना असलेले नदीचे वळण ‘पीट्री बाइट’ या नावाने ओळखले जाते.