लिंबर्ग जमतो, कॅरिडाकिस चुकतो

पायलोनिडल सायनसच्या (नितंबांमधल्या घळीत केस आत शिरून होणारा, पू वाहणारा नळीसारखा आजार) ऑपरेशनच्या टिपणात ‘कॅरिडाकिस फ्लॅप’ (शेजारची त्वचा-चरबी म्हणजे फ्लॅप ओढून जखम मध्यरेषेच्या बाजूला बंद करण्याची पद्धत) असं लिहिलेलं, आणि टाके बघावेत तर नितंबांमधल्या घळीच्या तळाशी, अगदी मधोमध. आजार पुन्हा उद्भवला की दोष पद्धतीला दिला जातो. मुळात ती पद्धत वापरलेलीच नसते.

याच आजारासाठीचा दुसरा फ्लॅप, लिंबर्ग, बहुतेक सर्जनांच्या हातात बसलेला असतो. ६० आणि १२० अंशांचा समभुज चौकोन सॅक्रल फॅशियापर्यंत (माकडहाडाच्या वरच्या हाडावरचं तंतुमय आवरण) काढायचा आणि शेजारच्या नितंबावरचा तेवढाच फ्लॅप ग्लुटिअल फॅशियासकट (नितंबाच्या स्नायूवरचं आवरण) फिरवून तिथे बसवायचा.

कॅरिडाकिसमध्ये काहीच फिरवायचं नसतं. म्हणूनच ‘मधोमध लंबगोल काप घ्या, एक कड सोडवा, ओढून शिवा’ असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो, आणि तो चूक आहे. इथे लंबगोलच एका बाजूला सरकवून आखायचा असतो. त्याची वरची आणि खालची, दोन्ही टोकं मध्यरेषेपासून किमान २ सेंमी बाजूला हवीत. मध्यरेषेवरची सायनसची छिद्रं कापात यायला हवीत, म्हणून आतली कड मध्यरेषेच्या किंचित पलीकडे जाते. ती कड साधारण १ सेंमी जाड ठेवून २ सेंमी आतपर्यंत सोडवायची. तिच्या तळाची चरबी सॅक्रल फॅशियाला मधोमध टाक्यांनी बांधायची, मग त्वचा पलीकडच्या कडेला शिवायची. घळ उथळ होते, शिवण बाजूला जाते. फॅशियाचे टाके टाळले तर फ्लॅप घळीकडे परत सरकतो आणि खाली द्रव साचतो. कड फार पातळ ठेवली तर ती काळी पडते.

सगळ्यात जास्त चुकतं ते खालचं टोक. गुदद्वाराजवळ येता येता रेघ नकळत मध्यरेषेकडे वळते, आणि तिथेच घाम, ओल आणि केस साचून जखम उसवते. मूळ लिंबर्गचंही हेच दुखणं: चौकोनाचं खालचं टोक मधोमध येतं. सुधारित लिंबर्गमध्ये ते १ ते २ सेंमी बाजूला घेतात, आणि मूळ प्रकार अजूनही वापरण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

आजार मध्यरेषेजवळ मर्यादित असेल तर कॅरिडाकिसच करावा; व्रण सरळ आणि लहान राहतो. दोन्ही बाजूंना पसरलेला किंवा पुन्हा झालेला असेल तर सुधारित लिंबर्ग. दोन्हींसाठी मध्यरेषा आखायची ती नितंबांना पट्ट्या लावून ताणण्याआधी. ताणल्यावर घळ सपाट होते आणि २ सेंमीचा अंदाज हमखास चुकतो.