पणजी आर्क्टिकात कशी पोचते?

नकाशावर पणजी आहे अंदाजे १५.४९ उत्तर अक्षांश आणि ७३.८३ पूर्व रेखांशावर. हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत ही माहिती ("पणजी", १५.४९, ७३.८३) अशी एका कंसात बसते. हाच ट्युपल. लिस्टमध्ये असं चालत नाही: ती हवी तेवढी लांबवा, पण आतला माल एकाच प्रकारचा हवा. ट्युपलचं उलटं. प्रकार कितीही मिसळा, मात्र घटक किती आणि कुठल्या क्रमाने, हे त्याच्या टाइपमध्येच, म्हणजे ठरलेल्या प्रकारातच, पक्कं होतं. म्हणून जोडीतला पहिला घटक काढून देणारं ‘एफएसटी’ हे तयार फंक्शन या तिकडीवर लावलं, तर कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारं साधन, प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही.

मग तिकडीतून हवं ते काढायचं कसं? तशाच आकाराचा कंस लिहायचा, (गाव, अक्षांश, रेखांश), की ज्याची त्याची किंमत ज्याच्या त्याच्या नावाखाली येते. नको त्या जागी नुसता अंडरस्कोर. हे पॅटर्न मॅचिंग, आणि माझ्या मते ट्युपलची निम्मी मजा यातच आहे.

आता रायबंदरहून चोडणला निघालेली फेरीबोट घ्या. ती सरकली की ट्युपलमधले आकडे खोडून नवे लिहू म्हणाल, तर ते जमत नाही. नवा ट्युपल तयार होतो, जुना आहे तसाच राहतो. मेमरी वाया जाते का? फारशी नाही, बोटीचं नाव दोघेही एकाच जागेवरून वाचू शकतात. शिवाय जुने ट्युपल लिस्टमध्ये ओवत गेलात, तर मांडवी ओलांडतानाची अख्खी वाट हाती राहते.

खरं दुखणं वेगळंच. गावाच्या नावाच्या जागी आकडा आला तर कंपायलर लगेच अडवतो. पण पणजीचे दोन आकडे उलटसुलट झाले तर तो हूं की चूं करत नाही. त्याच्या लेखी दोन्ही दशांश संख्याच. आणि ७३.८३ उत्तर, १५.४९ पूर्व म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधला समुद्र! यावर उपाय ‘न्यूटाइप’, म्हणजे आहे त्याच टाइपला नवं, वेगळं नाव देऊन केलेला स्वतंत्र टाइप: अक्षांशाला एक, रेखांशाला दुसरा. प्रोग्राम चालताना त्याचा वेगळा बोजा पडत नाही. लिहायला कंटाळवाणं आहे खरं, पण बाहेरून नकाशाचा डेटा घेणाऱ्याने ते करावंच. आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो, आणि जिओजेसन या सर्रास वापरातल्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी येतो.