ऑफरोड वाहनातील रात्रमुक्काम

पक्का रस्ता सोडून चालणाऱ्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीने एकाहून अधिक दिवसांचा प्रवास करताना रात्री झोपण्यासाठी केलेली सोय. तिचे मुख्य प्रकार चार : जमिनीवरचा तंबू, गाडीच्या टपावर बसवलेला तंबू म्हणजे रूफटॉप टेंट, गाडीच्या आतले अंथरूण आणि उघड्यावर टाकायची कॅनव्हासची वळकटी. घनदाट, उताराच्या जंगलात काही जण हॅमॉक, म्हणजे झाडांना बांधायची झोळीही वापरतात.

दुकानात गेल्यावर गादीची जाडी आणि तंबू किती मिनिटांत उभा राहतो याचीच चर्चा जास्त होते. त्याआधी ठरवायला हवे ते हे, की अंथरूण गाडीला बांधलेले असावे की सुटे. बांधलेले असले तर मुक्काम कुठेही करता येतो, पण एकदा तंबू उघडला की गाडी जागची हलत नाही. डिझेल भरायला किंवा पुढच्या गावात डॉक्टरकडे जायचे तर आधी सगळे आवरावे लागते. सुटे असले तर तंबू जागेवर ठेवून दिवसभर भटकून परत येता येते. रोज नवा मुक्काम करणाऱ्याला पहिली सोय परवडते, एकाच ठिकाणी तीन-चार रात्री राहणाऱ्याला दुसरी.

रूफटॉप टेंट आज ऑफरोडची खूण मानला जात असला तरी त्याचा उगम साध्या मोटारींवरचा आहे. इटलीतील ऑटोहोम ही कंपनी 1958 पासून असे तंबू बनवत आली; तिचा माजोलिना हा टणक कवचाचा तंबू प्रसिद्ध आहे. पूर्व जर्मनीत 1970च्या दशकात गेरहार्ड म्युलर यांनी चिमुकल्या ट्राबांट गाडीच्या टपावर बसणारा तंबू तयार केला आणि तो लोकप्रियही झाला. या कल्पनेला खरे काम मिळाले ते आफ्रिकेच्या दक्षिण भागात. बोट्स्वानातील मोरेमी आणि चोबे या संरक्षित जंगलांतील मुक्कामाच्या जागांना कुंपण नसते. रात्री तरस, सिंह, हत्ती तंबूंमधून फिरून जातात. तिथे दोन मीटर उंचीवरचे अंथरूण ही चैन ठरत नाही. नामिबियात भाड्याने मिळणाऱ्या डबल कॅब, म्हणजे सीटच्या दोन रांगा असलेल्या टोयोटा हायलक्स पिकअपवर दोन-दोन तंबू बसवलेले सर्रास दिसतात. भारतात मात्र हा तंबू बऱ्याचदा फोटोतल्या दिसण्यासाठी घेतला जातो. मोठे रानटी जनावर जिथे येऊ शकते, तिथे आपल्याकडे रात्री मुक्कामाची परवानगीच सहसा नसते.

या तंबूची खरी अडचण वजनाची. दोघांचा मऊ आवरणाचा तंबू साधारण 45 ते 60 किलो, टणक कवचाचा 60 ते 80 किलो. त्याखाली लोखंडी कॅरिअर असेल तर आणखी 20-30 किलो. गाडीच्या पुस्तिकेत टपाची जी मर्यादा छापलेली असते ती बहुधा चालत्या गाडीची असते आणि त्यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. उभ्या गाडीचे टप याहून बराच जास्त भार पेलते. नव्या लँड रोव्हर डिफेंडरला चालताना 168 किलो आणि उभी असताना 300 किलो अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या आहेत. म्हणजे 60 किलोचा तंबू, 30 किलोचे कॅरिअर आणि आत दीडशे किलोची दोन माणसे, एकूण 240, हे तिला चालते. याउलट ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या सुझुकी जिम्नीची चालत्या गाडीची मर्यादा अवघी 30 किलो आहे. तिथे तंबूचा विषयच संपतो. कापडी टपाच्या थारवर थेट तंबू बसवता येत नाही हे तर उघडच आहे. मर्यादेत बसले तरी गुरुत्वमध्य वर सरकतोच. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही. गाडी एका अंगाने कलून चढणाऱ्या वाटेवर, विशेषतः खालच्या बाजूचे चाक खड्ड्यात उतरते त्या क्षणी, टपावरचे 80 किलो चालकाच्या पोटात गोळा आणतात. शिवाय फांद्या अडकतात, वारा अडतो, इंधन जास्त लागते.

गाडीच्या आत झोपणे सर्वांत स्वस्त आणि वादळात सर्वांत निर्धास्त. अट एकच : पाय पसरून झोपता येईल इतकी सपाट लांबी. जिम्नीत पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला भिडते, आणि खाचाखोचा रजईने भरल्या की एकट्याची झोप होते. तीन दारी थारमध्ये हे जमत नाही. फॉर्च्युनरची तिसरी रांग दोन बाजूंना वर उचलून अडकवायची असते, त्यामुळे लांबी मिळाली तरी खांद्यापाशी जागा खाल्ली जाते. रात्री कूस बदलताना कोपर तिथेच आपटते. नियमित प्रवासी मागच्या सीट काढून किंवा पाडून प्लायवूडचा माचा बसवतात आणि त्याखाली खण करून सामान ठेवतात. टेप घेऊन मोजताना माच्याची लांबीच नव्हे, माच्यापासून छतापर्यंतची उंचीही मोजावी. उठून बसता आले नाही, तर पावसात आत अडकलेला एक दिवसही नकोसा होतो.

बंद गाडीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोघांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी बाहेर पडते. ते थंड काचांवर जमते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. म्हणून थंडी असली तरी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवून त्यांवर मच्छरदाणीची जाळी लावतात. दुसरी गोष्ट जिवावरची आहे : कार्बन मोनॉक्साइड. शेगडी, गॅस किंवा कोळसा आत पेटवायचा नाही; ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले तर धूर गाडीखाली साचून आत शिरतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या मोटारींमध्ये किमान 22 जण दगावले. थंडीबरोबरच या वायूचाही त्यात वाटा असल्याचे सांगितले गेले. युरोपात वापरले जाणारे डिझेल हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडतात, तो प्रकार वेगळा.

जमिनीवरचा तंबू जुना म्हणून मागे पडला आहे, पण हिमालयात तोच बरा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लडाख-स्पितीत दुपारनंतर सुटणारा वारा टपावरच्या तंबूचे कापड रात्रभर फडफडवतो आणि गाडीही हलत राहते. बुटका तंबू गाडीच्या आडोशाला लावला की निम्मा वारा अडतो. उंचीवर गेल्यावर शरीर लघवीही जास्त करते. चार हजार मीटरवर, डोके ठणकत असताना, रात्री दोन वाजता ॲल्युमिनियमच्या शिडीवरून उतरणे ज्याने केले आहे त्याला अधिक सांगायला नको. तंबूची जागा मात्र पारखून घ्यावी लागते. स्पितीकडे जाणाऱ्या ग्राम्फू ते बातल रस्त्यावरचे नाले बर्फ वितळल्यामुळे दुपारी-संध्याकाळी फुगतात आणि पहाटे ओसरतात. नाला ओलांडता आला नाही म्हणून तिथेच मुक्काम पडला, तर तंबू पात्राबाहेर, उंचवट्यावर हवा. कोकणात हेच भरतीला लागू होते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा सरकते. संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू पहाटे कोरडी असेलच असे नाही.

वळकटी हा ऑस्ट्रेलियाचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात पायी हिंडणारे मजूर अंथरूण-पांघरूण गुंडाळून खांद्यावर न्यायचे. त्याचेच आजचे रूप म्हणजे जाड कॅनव्हासची, आत फोमची गादी असलेली पिशवी, तिथे तिला स्वॅग म्हणतात. कोरड्या मुलखात हिच्याइतकी सुटसुटीत सोय दुसरी नाही. सह्याद्रीच्या पावसात तिचा उपयोग नाही. जळवांच्या रानात हॅमॉक आणि वर ताडपत्री बरी.

सोय कोणतीही असो, थंडी वाजते ती खालून. स्लीपिंग बॅगमधले भरण अंगाखाली दबून निरुपयोगी होते, म्हणून कॅरीमॅट (फोमची गुंडाळता येणारी चटई) किंवा हवेची गादी लागतेच. तिची उष्णतारोधकता आर या अंकाने दाखवतात : उन्हाळ्यात 1-2 पुरतो, गोठणबिंदूच्या आसपास 4 च्या वर लागतो. टपावरच्या तंबूखालून गार हवा वाहत असल्याने तिथली जाड गादीही फसवते आणि तिच्या तळाला ओल धरते. बॅगेवर दोन तापमाने छापलेली असतील तर त्यांतले जास्त थंडीचे विसरावे. ते अंग चोरून कशीबशी रात्र काढण्याचे आहे, निवांत झोपेचे दुसरे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब घरीच करावा.

गाडी जवळपास समतल उभी करून डोके चढाच्या बाजूला घ्यावे, आणि गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडाची उटी लावावी. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक ओढून ठेवला तर ओले ब्रेक गोठून सकाळी सुटत नाहीत.

परवानगीचे नियम जागेनुसार बदलतात. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे; राखीव वनातही वनखात्याची परवानगी लागते. स्पितीतील चंद्रताल सरोवराच्या काठावर तंबू लावू देत नाहीत, मुक्कामाच्या जागा अलीकडे ठेवल्या आहेत. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवण्यास बंदी आहे. वाहन उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सीट कायमच्या काढून माचा ठोकण्याआधी आरटीओत विचारणे श्रेयस्कर. काढता-घालता येणारा माचा त्यातल्या त्यात सोयीचा.

परतल्यावर ओला तंबू गुंडाळून ठेवू नये. पावसाळ्यात दोन दिवसांतच कॅनव्हासवर काळे ठिपके उठतात आणि ती बुरशी मग धुऊनही जात नाही. शहरात टपावरचा तंबू सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडून वाळवावा लागतो, आणि छत बुटके असेल तर तेही जमत नाही.