मांजर गॅसच्या कट्ट्यावर चढतंय? काठी घ्यायच्या आधी हे वाचा

मांजराचं खाणं न्यायला येणारी बरीच गिऱ्हाईकं हेच विचारतात, म्हणून हा कागद छापून पिशवीत घालतोय. घरातल्या सगळ्यांनी वाचा, कारण एकानं जरी लाडानं कट्ट्यावरच तुकडा दिला तर बाकीच्यांची मेहनत वाया.

मांजर तुम्हाला त्रास द्यायला वर जात नाही हो. उंचावर बसून सगळीकडं नजर ठेवायची हा त्याचा स्वभाव, त्यात कट्ट्यावर वास आणि ऊब, आणि आपल्या बेळगावात जूनमध्ये एकदा पाऊस धरला की बाहेरचं फिरणं बंद, मग घरातली कोरडी उबदार जागा कुठली तर शेगडीजवळची.

शहापूरच्या एका वहिनींची मनी कितीही हाकला, रोज रात्री कट्ट्यावर. नीट बघितल्यावर कळलं की सिंकमध्ये दुधाचं पातेलं तसंच असायचं, कडेला साय चिकटलेली. पातेलं लगेच पाणी घालून भिजवायला लागल्या आणि मनीच्या फेऱ्या हळूहळू कमी झाल्या. दहा वेळा काही नाही मिळालं आणि अकराव्या वेळी बांगड्याचं डोकं मिळालं, तरी मांजराला तेवढं पुरतं, ते रोज येऊन बघणारच. म्हणून आधी कट्टा रिकामा, पुसलेला.

मग त्याला त्याची जागा द्या. शेगडीपासनं लांब, तुम्ही दिसाल असं कट्ट्याएवढं उंच स्टूल, वर पोतं किंवा जुनं स्वेटर. भाजी चिरायला घेतानाच, ते कट्ट्यावर जायच्या आधी, स्टूल थोपटून बोलवा, चढलं की एक-दोन सेकंदात दाणा द्या, उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. मीठ-मसाला नसलेल्या उकडलेल्या चिकनचा बारका तुकडाही चालतो, कांदा-लसूण लागलेलं मात्र अजिबात नको, ते मांजराला विषारी. दिवेलागणीला मांजर जास्त चळवळ करतं, स्वयंपाकाच्या आधी दहा मिनिटं दोरी नाचवून खेळवा आणि मग जेवण घाला, शांत बसतंय बघा.

मारू नका, पाणी मारू नका. त्यातनं ते एवढंच शिकतं की तुम्ही असताना चढायचं नाही, तुम्ही झोपलात की चढायचं, वर तुम्हालाच भ्यायला लागतं. फिनेल नाहीतर निलगिरी तेल कट्ट्याला लावायचं तर मनातही आणू नका, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही आणि पाय चाटताना सगळं पोटात जातं. फारच हट्टी असेल तर पुठ्ठ्याला दोन्हीकडनं चिकटणारी टेप लावून थोडे दिवस कट्ट्याच्या कडेला ठेवा, पायाला चिकट लागलेलं त्यांना आवडत नाही. आणि गॅस बंद केल्यावरही बर्नर बराच वेळ तापलेला असतो, तेवढा वेळ लक्ष असू द्या.

एकाएकी सारखं भुकेलेलं दिसतंय, खाऊनही वाळतंय, तर शिकवणी राहू दे, आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, जंत, शुगर, थायरॉईड काहीही असू शकतं.

तागाची रिकामी पोती दुकानात पडून असतात, स्टुलावर घालायला एक मागून घ्या, पैसे नकोत.