नवशिक्षक साहाय्य निधी, कॅलिफोर्निया

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत शिक्षकाला अनुभवी शिक्षकाची सोबत मिळावी म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने उभारलेला निधी व त्यावर चालणारी योजना. ‘बिगिनिंग टीचर सपोर्ट अँड असेसमेंट’ हे तिचे अधिकृत नाव. शिक्षकांच्या तोंडी त्याच्या आद्याक्षरांचे ‘बिट्सा’ झाले. योजना १९९२ मध्ये कायद्याने आली. तिचा स्वतंत्र निधी २०१३ मध्ये संपला. मार्गदर्शन घेण्याची सक्ती मात्र अजूनही कायम आहे. सक्ती राज्याची आणि खर्च दुसऱ्याचा, अशी ही अवस्था कशी आली, हाच या योजनेच्या इतिहासातला सर्वांत उद्बोधक भाग आहे.

सुरुवात १९८३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यापासून होते. त्या कायद्याने ‘मेंटॉर टीचर’ हे पद आणले. निवडलेल्या शिक्षकाला वर्षाला ४,००० डॉलर जादा मानधन मिळे. अशांची संख्या एकूण शिक्षकांच्या ५ टक्क्यांपुढे जायची नाही आणि त्यांनी निदान ६० टक्के वेळ वर्गात शिकवलेच पाहिजे, अशा अटी होत्या. कागदावर त्यांचे मुख्य काम नवख्यांना मदत करण्याचे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्यांना अभ्यासक्रमाचे साहित्य तयार करायला बसवले गेले. ज्येष्ठ शिक्षकाला बक्षीस देणे आणि नव्या शिक्षकाला आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा नीट लक्षात आलेले नव्हते.

ते लक्षात आले १९८८ ते १९९२ या काळातल्या प्रायोगिक प्रकल्पामुळे. राज्य सिनेटर मेरियन बर्गसन यांच्या विधेयकातून निघालेला हा ‘कॅलिफोर्निया न्यू टीचर प्रोजेक्ट’ शिक्षण खाते आणि शिक्षकांना परवाने देणारा आयोग यांनी मिळून चालवला. ठिकठिकाणी वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. मदत तुरळक आणि ऐच्छिक असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. ठरलेला माणूस, ठरलेला वेळ आणि ठरलेला पैसा लागतो, असा त्यातून निघालेला धडा होता. त्यावर बर्गसन यांचेच दुसरे विधेयक १९९२ मध्ये मंजूर झाले आणि बिट्साला सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. एवढ्या अवाढव्य राज्यासाठी ही रक्कम म्हणजे चटणीला मीठ.

योजना खऱ्या अर्थाने फोफावली ती वेगळ्याच कारणाने. जुलै १९९६ मध्ये राज्याने प्राथमिकच्या खालच्या वर्गांत २० पेक्षा जास्त मुले न ठेवणाऱ्या शाळांना दर मुलामागे ६५० डॉलर द्यायचे ठरवले. काही आठवड्यांत शाळा उघडणार होत्या. एकेका वर्गाचे दीड-दोन वर्ग झाले, हजारो शिक्षक एकदम लागले. चांगल्या वस्तीतल्या शाळांनी परवानाधारक शिक्षक उचलले. गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या वाट्याला ‘इमर्जन्सी परमिट’वरचे, शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण न झालेले लोक आले. खेदाची बाब अशी की बिट्सा प्रामुख्याने परवानाधारक शिक्षकांसाठी होती. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, तोच पुष्कळदा दाराबाहेर राहिला. नोकरी करता करता प्रशिक्षण घेणाऱ्या ‘इंटर्न’ शिक्षकांसाठी १९९३ च्या कायद्याने वेगळे अनुदान होते, पण ते बरेच लहान.

१९९७ मध्ये दर ठरला: प्रत्येक नवशिक्षकामागे राज्याचे सुमारे ३,००० डॉलर, आणि स्कूल डिस्ट्रिक्टने पैशाच्या किंवा सेवेच्या रूपात घालायचे २,००० डॉलर. (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक मंडळ, आपल्याकडच्या जिल्ह्याएवढे ते असेलच असे नाही.) सन २००० च्या सुमारास राज्याची वार्षिक तरतूद आठ कोटी डॉलरच्या घरात गेली. १९९८ च्या कायद्याने परवान्याचे दोन टप्पे केले. प्राथमिक परवाना पाच वर्षांचा. तेवढ्या मुदतीत मार्गदर्शनाचा कार्यक्रम पुरा केला तरच कायम परवाना. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे शिक्षणसेवकाची तीन वर्षे आठवतील. पण ती तुलना वरवरची आहे. शिक्षणसेवक योजनेत ठरावीक मानधन (२०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० व उच्च माध्यमिकला २०,००० रुपये) आणि ठरावीक कालावधी हा गाभा आहे. बिट्साचा गाभा शेजारी बसणारा दुसरा शिक्षक हा होता.

हे शेजारी बसणे कसे असते ते सांताक्रूझच्या प्रकल्पात चांगले दिसते. तिथल्या विद्यापीठात एलेन मोयर यांनी १९८८ पासून तो चालवला आणि १९९८ मध्ये त्यातून ‘न्यू टीचर सेंटर’ ही संस्था उभी राहिली. त्यांचा मार्गदर्शक शिक्षक स्वतःच्या वर्गातून पूर्ण मोकळा केलेला असे आणि त्याच्याकडे १५ च्या आसपास नवशिक्षक असत. आठवड्यातून एकदा तो वर्गात येऊन मागे बसतो. हातात बैठकीचा नकाशा: प्रत्येक बाकाचा एक चौकोन. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक खूण, बाई जिथून जिथे चालत गेल्या तिथे एक रेघ. तास संपल्यावर तो काही बोलत नाही, कागद पुढे सरकवतो. खुणा सगळ्या पुढच्या दोन रांगांत, आणि खिडकीकडची पूर्ण ओळ कोरी. ‘तुमचं लक्ष नसतं मागच्या मुलांकडे’ असे कुणी तोंडावर सांगितले तर माणूस बचावाला उभा राहतो. कोऱ्या चौकोनांशी भांडता येत नाही.

हिशेबही इथेच कळतो. १५ गुणिले ५,००० म्हणजे ७५,००० डॉलर. त्यात एका ज्येष्ठ शिक्षकाचा पगार आणि इतर लाभ कसेबसे बसत. ज्या मंडळांनी हे गणित जमवले नाही त्यांनी मार्गदर्शकाला स्वतःचा वर्ग सांभाळून, सुटल्यावर मदत करायला सांगितले. योजनेचे नाव एकच, पण गाठीभेटींचा दर्जा जमीन-अस्मानाचा.

तक्रारींमध्ये सर्वांत मोठी तक्रार कागदपत्रांची. नावातला ‘असेसमेंट’ हा शब्द हळूहळू जड होत गेला. नोंदवह्या, स्वमूल्यमापनाचे तक्ते, पुराव्यांच्या फायली यांत शिक्षकाची संध्याकाळ जाई. मदतीसाठी आणलेली योजना ओझे वाटू लागली, हे मार्गदर्शकही मान्य करत.

निधीचा अंत तीन पायऱ्यांत झाला. २००४ च्या कायद्याने बिट्साचे पैसे एका गठ्ठा अनुदानात गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीने राज्याची तिजोरी आटली, तेव्हा सुमारे ४० योजनांच्या निधीला कात्री लागली आणि उरलेला पैसा कुठेही वापरायची मुभा मंडळांना मिळाली. शिक्षकच कमी केले जात असताना मार्गदर्शकाचे पद कोण वाचवणार? २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात नवे निधीसूत्र आले आणि बिट्साचे लेखाशीर्ष पुसले गेले. पैसा नाहीसा झाला नाही, मंडळांच्या एकूण रकमेत मिसळला. पण सरकारी हिशेबात ज्या पैशाला स्वतःचे शीर्ष नाही त्याचा वाली नसतो. काही मंडळांनी कार्यक्रम पदरमोड करून चालू ठेवला, काहींनी नवशिक्षकांकडूनच शुल्क घ्यायला सुरुवात केली.

या मार्गदर्शनाचा उपयोग किती, याचे उत्तर सरळ नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १७ मंडळांतल्या हजारावर नवशिक्षकांवर केलेल्या मोठ्या पाहणीत, चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. मार्गदर्शन देणाऱ्या दोन संस्थांपैकी एक न्यू टीचर सेंटर होती. २०१० मधल्या अहवालानुसार शिक्षक टिकण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. दोन वर्षे मार्गदर्शन मिळालेल्यांच्या विद्यार्थ्यांचे गुण मात्र तिसऱ्या वर्षी वाढलेले दिसले. ‘शिक्षक सोडून जाणार नाहीत’ एवढ्याच आश्वासनावर निधी मागणाऱ्यांनी दावा चुकीच्या जागी केला होता, असे यावरून म्हणता येते.

आजच्या मानकांनुसार नवशिक्षकाला नोंदणीनंतर ३० दिवसांत मार्गदर्शक मिळायला हवा आणि त्याचा वेळ आठवड्याला सरासरी किमान एक तास. राज्याकडून अधूनमधून एकरकमी पैसे येतात: २०१५ मध्ये ४९ कोटी डॉलर, २०२१ मध्ये १५० कोटी, दोन्ही वेळा इतर प्रशिक्षणासोबत वाटून. प्रशिक्षणार्थी शिक्षकांकडे मात्र निधीचा ओघ वळला आहे. अनुभवी शिक्षकाच्या वर्गात वर्षभर त्याच्या हाताखाली राहून शिकण्याच्या ‘रेसिडेन्सी’साठी २०१८ मध्ये साडेसात कोटी आणि २०२१ मध्ये ३५ कोटी डॉलर मंजूर झाले. हा निधी स्वतंत्र शीर्षाखाली ठेवला आहे.