माणसं गेली, मागोमाग उंदीरही

भीमगड अभयारण्यातल्या वाड्या हलवण्याची बातमी आली की आमच्या खानापूर तालुक्यात कुणीतरी म्हणतंच, ‘माणूस उठला की रान आपोआप सावरतं.’ दुसरा लगेच सांगतो, ओस घरात भुतं नांदतात, रात्री खुडबुड ऐकू येते. अहो, उंदीर असतात ते, असं मी आजवर ठणकावून सांगायचो. सेंट किल्डाची हकिगत वाचली आणि जरा नरमलो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये ही बेटं आहेत. मोठं बेट हिर्टा. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथल्या उरल्यासुरल्या ३६ माणसांनी घरं सोडली. आज प्रवासी बोटीनं जातात ते पफिन, गॅनेट असे समुद्रपक्षी आणि छप्पर उडालेली दगडी घरं पाहायला. मला मात्र तिथले उंदीर भावतात.

उंदरांच्या दोन जाती होत्या. घरउंदीर माणसाच्या धान्यावर आणि चुलीच्या उबेवर जगणारा, रानउंदीर बाहेरचा. गाव रिकामं झाल्यावर घरउंदरांचं राज्य यायला हवं होतं. पण दोनेक वर्षांत ते नामशेष झाले! दाणा संपला, चूल विझली आणि रानउंदीर घरात शिरला. तो साधासुधा नव्हे, मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा.

दुप्पट वजनानं काय साधतं? उष्णता कातडीतून जाते आणि तयार होते ती मांसात. आकार तोच ठेवून वजन दुप्पट केलं, तर लांबी २ च्या घनमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.२६ पट होते. कातडीचं क्षेत्रफळ त्याचा वर्ग, म्हणजे १.५९ पट. १.५९ ला २ नं भागा: ०.७९. म्हणजे दर ग्रॅममागे कातडी वीसेक टक्क्यांनी घटली, त्या प्रमाणात गारठाही कमी. त्यात बेटावर मुंगसासारखा बिळात घुसणारा शिकारी नाही, मग बारीक राहायचं कशाला? (घनमूळ नको असेल त्यांनी गरम बटाटा आणि गरम वाटाणा शेजारी ठेवून पाहावं.)

आपल्याकडे माणसाच्या आसऱ्यानं राहणारी चिमणी आहेच. गावं ओस पडली की चिमण्याही उठतात, असं अनेक ठिकाणी दिसलंय. भीमगडच्या वाड्या हलण्याआधी घरांचे, माणसांचे पंचनामे होतील. वळचणीतल्या चिमण्या तेवढ्यात कुणी मोजल्या, तर पुढच्या हिशेबाला आकडा तरी राहील.