नोकरी सांभाळून इंजिनीअरिंगची डॉक्टरेट: आजच्या अटींमागची पार्श्वभूमी

1863 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने जोसाया विलार्ड गिब्ज यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता गिअरच्या दातांचा आकार. अमेरिकेतली ही इंजिनीअरिंगची पहिली डॉक्टरेट मानली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गिअर कापण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा विषय परका वाटणार नाही. इंजिनीअरिंगमधलं संशोधन सुरू झालं ते अशाच प्रश्नांपासून.

विद्यापीठांनी मात्र इंजिनीअरला सहजासहजी आपल्यात घेतलं नाही. जर्मनीत तंत्रशाळांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता आणि जुन्या विद्यापीठांचा त्याला कडाडून विरोध होता. शेवटी 1899 मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रशाळेचा शतकमहोत्सव झाला, तेव्हा जर्मन सम्राट (कैसर) विल्हेल्म दुसरा याने प्रशिया या जर्मन राज्यातल्या तंत्रशाळांना 'डॉक्टर-इंजिनीअर' ही पदवी देण्याची मुभा दिली. तीही एका अटीवर: पदवीचं संक्षिप्त रूप जर्मन लिपीतच लिहायचं, म्हणजे जुन्या डॉक्टरांशी गल्लत नको!

पुढे विसाव्या शतकात इंजिनीअरिंगचं शिक्षण गणित आणि मूलभूत विज्ञानाकडे झुकलं. त्यातून विषयाची खोली वाढली, पण उद्योगांची तक्रारही वाढली, की डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाला कारखाना नवाच असतो. नेदरलँड्सने 1986 पासून दोन वर्षांचे डिझायनर अभ्यासक्रम सुरू केले. ब्रिटनने 1992 मध्ये त्याहून मोठं पाऊल उचललं आणि 'इंजिनीअरिंग डॉक्टरेट', म्हणजे ईएनजीडी, सुरू केली. चार वर्षांची ही पदवी घेणारा सुमारे तीन चतुर्थांश वेळ कंपनीत काढतो. त्याला विद्यापीठातला एक आणि कंपनीतला एक असे दोन मार्गदर्शक असतात आणि शिवाय वर्गातले विषयही पास व्हावे लागतात. काही ठिकाणी एकसंध प्रबंधाऐवजी अनेक प्रकल्प-अहवालांचा संच चालतो. मूळ अट मात्र पीएच.डी.चीच राहिली: ज्ञानात स्वतःची, नवी भर.

आपल्याकडे यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नियमावली आहे ती पीएच.डी.ची. त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या इंजिनीअरपुढे सरळ वाट आहे ती पार्टटाइम पीएच.डी.ची. 2022 च्या नियमावलीने ती स्पष्टपणे खुली ठेवली आहे. प्रवेशासाठी एम.ई. किंवा एम.टेक.ला किमान 55 टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असले तरी चालतं. राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे. किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क करायचं, दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची आणि तीन ते सहा वर्षांत प्रबंध द्यायचा. 2016 च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापून येणं सक्तीचं होतं, ती सक्ती आता यूजीसीने काढली आहे. नोकरी करणाऱ्याला कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक मिळेल, असं त्यात लिहून द्यावं लागतं. ते पत्र निव्वळ औपचारिक समजू नये. डिस्पॅचची घाई असताना तेच उपयोगी पडतं.

खरी कसोटी विषयाची. कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्या, कमी करायला वाळूतला ओलावा बदलला आणि रिजेक्शन उतरलं, हे चांगलं काम झालं, पण त्यावर डॉक्टरेट मिळत नाही. रिजेक्शन का उतरलं, साच्यातल्या वायूचं काय झालं, दुसऱ्या फाउंड्रीतल्या दुसऱ्या वाळूवरही तोच परिणाम दिसेल का, याचा पुरावा द्यावा लागतो. बाहेरचे किमान दोन परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत असे प्रश्न रोज समोर येतात आणि हीट-नोंदींच्या, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या नोंदींच्या, वह्यांमध्ये वर्षानुवर्षांचा डेटा पडून आहे. त्यातून प्रबंध निघू शकतात, यावर माझा पक्का विश्वास आहे.

एक अडचण मात्र आधीच सोडवावी लागते. प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाते आणि ती कुणालाही वाचता येते. ग्राहकाचं ड्रॉइंग, मिश्रधातूचं प्रमाण, रिजेक्शनचे आकडे यांतलं काय छापायचं आणि काय नाही, हे मालक, गाईड आणि विद्यार्थी यांनी विषय नोंदवण्याआधी बसून लेखी ठरवावं.